शेवट माहीत असलेली पुस्तकं

शुक्रवार रात्र, कोकणकन्या

मामीचा फोन जूनमध्येच येऊन गेला होता. "तुझ्या मामांचं कपाट उघडलं की घरभर वास येतो गो. पुस्तकांना कसर लागली. रद्दीवाल्याला द्यायला मन होत नाही. तू ये आणि काय ते बघ." मामांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं घर फोंड्याजवळ, कवळ्याला. जुलैत गोव्याला कोण जातं, असं ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. रजा मिळाली ती बहुधा त्यामुळेच.

मी वाचलेल्या पुस्तकांची एक वही ठेवते. किराणावाल्याकडे असते तशी लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. रकाने चार: पुस्तक, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख, शेरा. या महिन्याची सुरुवात फ्रेडरिक फोर्सिथच्या 'द डे ऑफ द जॅकल'ने झाली होती. तिसऱ्यांदा वाचली. मग बेटावर अडकलेल्या दहा माणसांची अगाथा ख्रिस्ती, एका रविवारात. मग दोन नव्या थरारक कादंबऱ्या, ज्यांच्यापुढे शेरा एकच: 'धक्क्यासाठी धक्का.' दोन्ही वाचून आठवडा झाला नाही तर खुनी कोण होता ते मला आठवेना. जॅकलचं तसं होत नाही. पुस्तक आलं १९७१ साली, आणि ज्यांच्या खुनाचा कट त्यात आहे ते फ्रान्सचे माजी अध्यक्ष द गॉल आदल्याच नोव्हेंबरात स्वतःच्या घरी वारलेले. म्हणजे पहिल्या पानापासून वाचणाऱ्याला ठाऊक आहे की मारेकऱ्याची गोळी लागणार नाही. शेवट माहीत असलेली गोष्ट कोण वाचणार, म्हणून अनेक प्रकाशकांनी ती परत पाठवली होती. मी तिसऱ्या वेळीही पासपोर्टचा अर्ज, कुबडीतली बंदूक, बुरख्यासारखे बदललेले चेहरे हे सगळं श्वास धरून वाचलं. हे का होतं, याचा विचार महिनाभर डोक्यात होता, आणि त्यातूनच बहुधा मी युद्धाच्या आठवणींकडे वळले. युद्ध कोण जिंकलं हे तर शाळेतच कळलेलं असतं.

गाडीत वाचायला विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' घेतलं होतं. पनवेल गेलं, मग अंधारात पेण गेलं. विष्णुभट पेणजवळच्या वरसईचे. १८५७ साली कर्ज फेडायला, दक्षिणा मिळवायला हा माणूस उत्तरेत निघाला आणि सरळ बंडात जाऊन पडला. झाशीला वेढा पडला तेव्हा शहराच्या आत. ना तलवार, ना पलटण. भूक, तहान, लपायला जागा आणि सोबतचे काका, एवढंच त्याचं युद्ध. इंग्रज शहरात शिरल्यावर जी कत्तल झाली तिला तो 'बिजन' म्हणतो. हा शब्द मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही आणि आता विसरणंही शक्य नाही. सरकारच्या भीतीने पुस्तक त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी ते बाहेर काढलं. सगळं होऊन, लुटला जाऊन, हा गृहस्थ गंगेची कावड घेऊन घरी येतो आणि आईवडिलांना स्नान घालतो. बाई, काय म्हणावं! शेजारच्या बर्थवरचे काका दिवा बंद करायला सांगत होते. मोबाइलच्या उजेडात झाशी पडली.

दिवस पहिला, शनिवार

करमळीला उतरले तेव्हा पाऊस आडवा येत होता. पावसाळ्यात कोकण रेल्वेवर गाड्या हळू चालवतात, त्यामुळे वेळापत्रकच वेगळं असतं. रिक्षाने जुन्या गोव्यापर्यंत आणि तिथून फोंड्याची कदंबा बस. बाणास्तारीचा पूल आला तशी मी खिडकीची काच वर केली आणि मांडी भिजवून घेतली. १८ डिसेंबर १९६१ला भारतीय फौजा आत शिरल्यावर पोर्तुगिजांनी मागे हटताना इथला पूल उडवला. मामा तेव्हा सोळा वर्षांचे. आवाज कवळ्यापर्यंत आला, मला वाटलं डोंगर फुटला, असं ते सांगायचे. दर वेळी तो आवाज थोडा मोठा व्हायचा.

दुपारी जेवायला पेज, तोर (मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी) आणि सुक्या सुंगटांची किसमूर. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्यावरच भागवायचं. मामीने तिसऱ्या मात्र कुठूनतरी मिळवल्या होत्या. "कालच सांगून ठेवलेलं," ती म्हणाली, जणू मी परदेशातून येणार होते.

कपाट संध्याकाळी उघडलं. वास खरंच आला. ओल, डांबरगोळी आणि जुना डिंक.

दिवस दुसरा, रविवार

मामा पोर्तुगीज अमलात सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत शिकलेले. घरात कोकणीत बोलायचे, कोकणीतच भांडायचे, आणि वाचायचे मराठी. गोव्यातल्या त्या पिढीच्या कितीतरी घरांचं हे असंच. बाहेरच्या माणसाला त्यात विसंगती दिसते, त्यांना कधी दिसली नाही. नोकरी बांधकाम खात्यात, कारकुनी. वाचन जवळजवळ सगळं रहस्यकथांचं. माझी आई त्यावरून त्यांना टोमणे मारायची.

कपाटात वरच्या दोन फळ्या बाबूराव अर्नाळकरांच्या. हजारावर रहस्यकथा लिहिणारा माणूस. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही नावं आमच्या आधीच्या पिढीत घरच्या माणसांसारखी घेतली जात. खाली गुरुनाथ नाईक, त्यांचीही संख्या हजाराच्या पलीकडची. मग सुहास शिरवळकर, नारायण धारप. सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली आणि कण्यावर बारीक अक्षरात नंबर. मामांनी घरातल्या घरात वाचनालय चालवलं होतं आणि सभासद एकटे तेच.

काम सोपं नव्हतं. एकेक पुस्तक उघडायचं, पाठीवर दोन चापट्या मारायच्या, की रुपेरी किडे खाली पडून पळतात. कडक ऊन मिळालं तर सगळं मिटतं, पण आषाढात ऊन आणणार कुठून? चादर अंथरून पंख्याखाली पुस्तकं उभी केली, पानं पिसाऱ्यासारखी फुलवून. जी फार दमट होती त्यांच्यासाठी मामीने इस्त्री काढली. पानाच्या दोन्ही बाजूंना कोरा कागद, इस्त्री कोमट, आणि हात एका जागी थांबवायचा नाही. थांबला की शाई कागदावर उलटी उमटते. माझ्या एका कोऱ्या कागदावर 'रक्ताचा' हा शब्द आरशात दिसतो तसा उमटला. मामी म्हणाली, "बघ, खून झाला."

ढिगात एक पुस्तक निघालं, त्याला कव्हर नाही, नाव नाही, लेखक नाही. सुरुवात पान सतराला, शेवट पान एकशे चव्वेचाळीसला. म्हणजे पहिला आणि शेवटचा फॉर्मा, सोळा पानांचा शिवलेला जुडगा, गळालेला. उभ्या उभ्या चाळायला घेतलं आणि फसले. एका सावकाराचा बंद खोलीत खून. खोलीला आतून कडी. संशय पुतण्यावर, पुतण्या त्या रात्री नाटकाला. एकशे चव्वेचाळिसाव्या पानाच्या तळाशी गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, बोट वर करतो, आणि म्हणतो, "सज्जनहो, खुनी याच"

पुढे काही नाही. दोऱ्याचे दोन तुकडे लोंबतायत.

सारं कपाट पुन्हा उपसलं. नाहीच.

दिवस तिसरा, सोमवार

पणजी. पाटोला कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मूळ संस्था पोर्तुगीज काळातली, १८३२ची. खरं सांगायचं तर मी तिथे त्या बेनावाच्या पुस्तकाच्या आशेने गेले होते. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, बंद खोली, सावकार, नाटकाला गेलेला पुतण्या. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "नाव नाही, लेखक नाही, मग कशावरून शोधू?" बरोबरच आहे. रहस्यकथांची सूची खुन्याच्या नावाने कुणी करत नाही.

मग वर जाऊन गोव्याविषयीची पुस्तकं बघत बसले. पण दिवसाचं खरं पुस्तक पिशवीत होतं. कपाटाच्या तळाशी, रहस्यकथांच्या मागे, मोहन रानडे यांचं 'सतीचे वाण' सापडलं होतं. त्यालाही कण्यावर नंबर, त्याच मालिकेतला. मामांनी ते रहस्यकथांतच धरलं होतं. ग्रंथालयात बसून दीडशे पानं संपवली आणि मामांचं वर्गीकरण पटलं.

बघा ना. सांगलीकडचा एक तरुण गोव्यात येतो, फोंडा तालुक्यात सावई वेऱ्याला मराठीचा मास्तर होतो. दिवसा शाळा, आणि पाठीमागे गोवा मुक्तीसाठी लढणारं आझाद गोमंतक दल. नाव बदललेलं. १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला, त्यात जखमी होऊन पकडला जातो. शिक्षा सव्वीस वर्षांची. पुढे समुद्रापार पोर्तुगालला नेतात, लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात. कित्येक वर्षं एकट्याची कोठडी. यातला कुठलाही एक तुकडा अर्नाळकरांना दिला असता तर त्यांनी त्यावर दहा पुस्तकं लिहिली असती.

पण रहस्यकथा जिथे संपली असती तिथे हे पुस्तक संपत नाही. १९ डिसेंबर १९६१ला गोवा सुटला. पणजीत तिरंगा लागला, मामांनी त्या दिवशी शाळेला दांडी मारली, लोकांनी पेढे वाटले. आणि हा माणूस तिकडे कोठडीतच. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, सात. सुटका झाली जानेवारी १९६९मध्ये. ज्या गोष्टीसाठी आत गेला ती गोष्ट होऊन गेली, इथली मुलं मुक्तिदिनाची भाषणं पाठ करायला लागली, आणि तो तिथे भिंत बघतोय. सुधीर फडके त्याच्या सुटकेसाठी इकडे खटपट करत होते. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी तर पोपकडे शब्द टाकला. रानडे आभार मानायला मद्रासला गेले तेव्हा अण्णादुराई राहिले नव्हते. समाधीला नमस्कार करून परत आले.

तीनच्या सुमारास धक्क्यावर गेले आणि बेतीच्या फेरीत चढले. काम काही नव्हतं, बेती बघायचं होतं. मांडवी गढूळ, तांबूस, वरून आलेली झाडाची एक आख्खी फांदी पाण्यावरून चाललेली. फेरीत स्कूटर, रेनकोट, शाळेतून सुटलेली पोरं, टोपलीत अळंबी घेतलेली एक बाई. पाच-सात मिनिटांचा प्रवास. पलीकडे उतरून चहाच्या टपरीवर विचारलं, जुनं पोलीस ठाणं कुठे होतं? टपरीवाला म्हणाला, पोलीस स्टेशन पर्वरीला. मी म्हटलं, जुनं, पोर्तुगिजांच्या वेळचं. तो म्हणाला, "काय हरवलंय का बाई तुमचं?"

चहा घेऊन परतीच्या फेरीने आले.

रात्री मामीला विचारलं, मामांनी कधी रानड्यांबद्दल सांगितलं होतं का? ती तांदूळ निवडत होती. "ते पुस्तक त्यांनी मला वाचून दाखवलं नाही," म्हणाली. "बाकीची दाखवली."

दिवस चौथा, मंगळवार

वास्को, बस बदलत. नौदलाचं विमान संग्रहालय दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर आहे. सोमवारी बंद असतं म्हणून आजचा दिवस. उघड्यावर उभी केलेली विमानं पावसात निथळत होती. बघायला मी आणि एक शाळकरी मुलगा त्याच्या वडिलांबरोबर. मुलाला सी हॅरियर हवं होतं. मी सुपर कॉन्स्टेलेशनपुढे थांबले. लांब, किंचित वाकडं, माशासारखं अंग, शेपटीला तीन पंख. आधी प्रवासी वाहतूक करून मग नौदलात टेहळणीला आलेलं विमान.

थांबण्याचं कारण होतं. १८ डिसेंबर १९६१ला आपल्या कॅनबेरा विमानांनी इथली दाबोळीची धावपट्टी बॉम्बने फोडली. तेव्हा मैदानावर पोर्तुगिजांची दोन प्रवासी विमानं अडकलेली, एक डीसी-४ आणि एक कॉन्स्टेलेशन. रात्री खड्डे घाईघाईने बुजवून, शिल्लक राहिलेल्या साधारण सातशे मीटर पट्टीवरून, अंधारात, बायकामुलांना घेऊन ती दोन्ही उडाली आणि समुद्रालगत खालून खालून कराचीला पोचली. समोरचं हे धूड सातशे मीटरात उचलायचं! मी पावलं मोजायला लागले. शंभर पावलांवर कुंपण आलं आणि रखवालदार बघायला लागला, तेव्हा थांबले. शत्रूकडचा वैमानिक असला म्हणून काय झालं, त्या रात्री त्याच्या हाताला घाम आलाच असणार.

गोव्याच्या त्या दीड दिवसाच्या लढाईचा आणखी एक किस्सा सांगतात. खरं-खोटं देव जाणे. रणगाडाविरोधी गोळ्यांसाठी पोर्तुगिजांनी सांकेतिक शब्द ठरवला होता 'शोरिस', म्हणजे सॉसेज. गोव्याहून निरोप गेला, शोरिस पाठवा. लिस्बनने खरोखरच सॉसेज पाठवले. फोंड्याच्या बसमध्ये हा किस्सा मी शेजारणीला सांगितला तर ती म्हणाली, "इथले जास्त चांगले असतात."

दुपारी हेडलँड सड्यावर चढले. खाली मुरगाव बंदर. कोळशाच्या, खनिजाच्या बोटी धुक्यात कळत-नकळत. याच पाण्यात १९३९च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झाल्यावर जर्मन मालवाहू जहाजं आसऱ्याला आली. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवा तटस्थ, म्हणून ब्रिटिशांना हात लावता येईना. (त्याच वर्षी विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' आलं, तेही एका बोटीवरचं, युरोपातून पळालेल्या माणसांचं. मुरगावच्या जहाजांना ते शेजारी ठेवून कुणी बघितलं आहे का?) एरेनफेल्स नावाच्या जहाजावर चोरटा ट्रान्समीटर आहे आणि त्यावरून पाणबुड्यांना ब्रिटिश बोटींचे ठावठिकाणे कळवले जातात, असा ब्रिटिशांचा संशय. लष्कर पाठवलं तर तटस्थता मोडल्याचा बोभाटा. मग पाठवले कोण? कलकत्ता लाइट हॉर्स. नावाला घोडदळ, प्रत्यक्षात कलकत्त्याचे मध्यमवयीन गोरे व्यापारी, ज्यांची मुख्य लढाई क्लबातल्या बारशी. गाळ वाहणारी फीबी नावाची एक बार्ज भारताला वळसा घालून आणली गेली, आणि तिच्यातून हे लोक ९ मार्च १९४३च्या रात्री एरेनफेल्सवर चढले. जर्मनांनी जहाज जाळून बुडवलं. ते बघून बाकीच्या जहाजांवरच्यांनीही आपापली पेटवली. आलेले सगळे जिवंत परत गेले. पदक नाही, बातमी नाही. पस्तीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता. १९७८ साली जेम्स लीझरने 'बोर्डिंग पार्टी' लिहिलं, मग त्यावर सिनेमा निघाला आणि त्याचं थोडं चित्रीकरण गोव्यातच झालं.

पुस्तक मी गेल्या आठवड्यात संपवलं. शेरा लिहिताना अडखळले होते. लीझर त्या रात्री कोण कुणाला काय म्हणालं ते अवतरणचिन्हांत देतो. पस्तीस वर्षांनंतर? मला काल दुपारचं टपरीवाल्याचं वाक्य तरी जसंच्या तसं आठवतंय का? रहस्यकथेच्या कारागिराने खरी घटना घेतली की हे होतं: दोन संवादांच्या मध्ये जी ओशाळी शांतता असते ती भरून निघते. रानडे किंवा विष्णुभट ती भरत नाहीत. घाबरलो म्हणतात आणि पुढे जातात. तरीही सड्यावर उभी राहून मी खाली बार्ज शोधत होते, हे कबूल करायला हवं.

येताना छत्री उलटी झाली ती कायमचीच.

दिवस पाचवा, बुधवार

बाहेर पडता आलं नाही. सकाळी अकराला वीज गेली ती रात्री आली. गोठ्याच्या पत्र्यावर पाऊस, दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

ब्रिगेडियर जॉन दळवींचं 'हिमालयन ब्लंडर' उरलेलं होतं, ते संपवलं. जड पुस्तक आहे. पहिला भाग धोरणांचा आणि फायलींचा, तो मी दोनदा अर्धा सोडलेला. नामका चू नदी आली की मात्र हातातून सुटत नाही. दळवी सातव्या ब्रिगेडचे प्रमुख. उन्हाळी कपड्यांतले जवान बर्फाच्या डोंगरात, विमानातून टाकलेलं सामान दरीत पडतंय, आणि दिल्लीहून हुकूम येतोय की पुढे सरका. २० ऑक्टोबर १९६२ला चीनचा हल्ला झाला, दोन दिवसांनी दळवी कैद झाले, परतले पुढच्या मे महिन्यात. १९६९ला पुस्तक आलं आणि सरकारने त्यावर बंदी घातली.

वाचता वाचता महिने मोजले. गोवा डिसेंबर १९६१, नामका चू ऑक्टोबर १९६२. मध्ये दहा महिने. तीच फौज, तेच संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, गोव्याच्या वेळी मुख्यालयात असलेले जनरल कौल आता त्या डोंगरात कोअर कमांडर. इथे दीड दिवसात काम फत्ते झालं होतं. ते फार सोपं गेलं, असं म्हणायची चोरी आहे, विशेषतः कवळ्याला बसून. पण जे लोक त्या डिसेंबरात पाठ थोपटून घेत होते त्यांनीच त्या ऑक्टोबरात नकाशावर बोट ठेवलं, एवढं तर तारखाच सांगतात.

उजेड कमी झाला तशी मामी पणती घेऊन आली. "कितें वाचता गो? मोठ्याने वाच." दळवी तिला काय वाचून दाखवणार? पिशवीत स्वेतलाना अलेक्सिएविचचं पुस्तक होतं, सोव्हिएत सैन्यात लढलेल्या बायकांच्या आठवणींचं. १९८५चं पुस्तक, लेखिकेला २०१५ला नोबेल मिळालं. मी अर्थ सांगत गेले. एक बाई सांगते, युद्धात सगळ्यात वाईट काय होतं तर पुरुषांच्या चड्ड्या. देशासाठी मरायला निघालोय आणि अंगात पुरुषांची चड्डी! मामी पदर तोंडाला लावून हसली. मग गप्प झाली.

"बदलायला जागा कुठे असेल त्यांना," एवढंच म्हणाली.

पुढे आम्ही वाचलं नाही. जेवलो.

दिवस सहावा, गुरुवार

उघाड. जुन्या गोव्याला धावतपळत जाऊन आले. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना इथल्या सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. आता कॉलेजची एक कमान तेवढी उभी आहे, शेवाळलेली. अर्नाळकरांच्या हजार पुस्तकांची सुरुवात इथून म्हणायची की काय! फोटो काढला, तो हलला.

दुपारी उन्हात सगळी पुस्तकं अंगणात मांडली. वाटण्या झाल्या. कसरीने जाळी केलेली एकवीस गेली. चांगल्यांपैकी बरीच गावातल्या शाळेच्या वाचनालयाला. तिथले मास्तर येऊन बघून गेले, "मुलांना चालतील ना?" असं दोनदा विचारून, आणि स्वतःसाठी एक काळा पहाड काखेत मारून. मला नऊ. 'सतीचे वाण' मी मागितलं. मामी म्हणाली ते राहू दे.

ते बेनावाचं पुस्तक हातात धरून मी म्हटलं, याचं काय करू? सुरुवात नाही, शेवट नाही.

"कुठलं ते?"

मी गोष्ट सांगितली. बंद खोली, आतून कडी, पुतण्या नाटकाला.

"वकील," मामी म्हणाली. ती लोणच्याच्या बरणीला फडकं बांधत होती. "वकिलाने मारला. कडी मागून लावली, दार फोडताना. सगळे आत धावले, तेव्हा हा दाराशीच होता. फोडलेल्या दाराची कडी कोण बघतो?"

मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. "तू वाचलंयस?"

"मी कुठली वाचते. रात्री ते वाचून दाखवायचे. दिवसभराची दमलेली मी, चौथ्या पानाला झोप लागायची. मग सकाळी चुलीपाशी विचारायची, कोणी मारला? ते सांगायचे." तिने गाठ मारली. "सगळ्यांचे शेवट ठाऊक आहेत मला. सुरुवाती विचारू नकोस."

मग मी ढिगातली पुस्तकं उचलत गेले आणि ती सांगत गेली. नंबर अडुसष्ट? भाऊ, जुळा. नंबर एकशे बारा? कोणीच नाही, त्याने स्वतःच घेतलं विष. नंबर त्र्याण्णवला ती जरा थांबली. "तो शेवट त्यांना पटला नव्हता. दुसराच सांगितला होता त्यांनी, स्वतःचा. चांगला होता."

दिवस सातवा, शुक्रवार, मांडवी एक्सप्रेस

करमळीला मामी आली नाही, पाय दुखतो म्हणून. भाच्याच्या गाडीने सोडलं. पिशवीत नऊ पुस्तकं, कोकमं, आणि तोरांची बाटली, जिचं झाकण थिवीच्या आतच गळायला लागलं. दोन अर्नाळकर खारवले.

सावंतवाडी गेल्यावर वही काढली. महिन्याची बेरीज केली: नऊ पूर्ण, एक अर्धवट. अर्धवटाला नाव लागतं म्हणून पहिल्या रकान्यात 'बंद खोली, सावकार (पान १७ ते १४४)' असं लिहिलं. सुरू केल्याची तारीख, रविवारची. मग विचार करून अर्धवट खोडलं आणि संपवल्याची तारीखही घातली, गुरुवारची. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: शेवटचा फॉर्मा मामीच्या तोंडून. वकील.